मोजकं पाणी

हे मी बरी होऊन लिहीत नाही. मंगळवारी आणि शुक्रवारी माझं रक्त यंत्रातून धुऊन काढतात, आणि मधल्या दिवसांत अंगात जेवढा दम राहतो तेवढ्यात हे लिहिते आहे. वाचून कुणाला धीर येईल असं मी म्हणणार नाही. पण आजार कळला तेव्हा खरं सांगणारं कुणीतरी हवं होतं मला. "सगळं ठीक होईल" म्हणणारी माणसं रोज घरी येऊन चहा पिऊन जायची. "मलाही असंच झालं होतं, पुढं असं असं होतं" हे सांगणारं कुणी आलं नाही. म्हणून हे.

आम्ही दोघी

मी वंदना. कन्नडला एका खाजगी शाळेत लहान गटाला शिकवायची. नवरा भगवान मोटारी भरतो, म्हणजे बोअरच्या नि विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींचं वाइंडिंग करून देतो. आम्हाला एक मुलगी, प्राजक्ता. शमीम आमच्या गल्लीच्या तोंडाशी राहते, कपडे शिवते. तिचं वजन फार वाढलं तेव्हा डॉक्टरनं तिला रोज चालायला सांगितलं. एकटी बाई पहाटे गौताळा अभयारण्याच्या रस्त्यानं कशी जाणार, म्हणून तिनं माझं दार वाजवलं.

काही दिवस आम्ही नुसत्या चाललो. मग एका पहाटे कुत्री मागं लागली. आम्ही ओढण्या सावरत पळत सुटलो. कुत्री कंटाळून परत गेली, आम्ही मात्र थांबलो नाही. अद्रकाच्या शेतापर्यंत पळालो आणि बांधावर बसून हसत सुटलो.

"वंदना, अपन तो भाग सकते हैं यार!" शमीम म्हणाली. तिला स्वतःचंच नवल वाटत होतं.

तिथून आमचं पळणं सुरू झालं. सलवार-कमीज, कमरेला घट्ट बांधलेली ओढणी, बाजारातले कॅनव्हासचे बूट. आधी सपाट रस्ता, मग डोंगर. माझे वडील मेंढरं राखायचे, याच डोंगरांत. लहानपणी मी त्यांच्यामागं फिरले होते, त्यामुळं पायवाटा मला माहीत होत्या. शेतं संपली की चढ लागायचा, मुरमाचा, पाय निसटणारा. वर खिंड. खिंडीपलीकडं दरी उतरते ती सागाच्या नि अंजनाच्या झाडीत, खाली नाला. उन्हाळ्यात सागाची पानं गळून पडली की आमच्या पायांचा एवढा आवाज व्हायचा की वानरं झाडावर पळायची. कधी समोर रोही, म्हणजे नीलगाईचा नर, उभा असायचा. आम्ही थांबायचो, तो बघायचा, मग तोच वाट सोडून द्यायचा.

गावात लोक विचारायचे, "काय मॅडम, पोलीस भरतीला चालल्या का?" भगवानही हसायचा. पण एकदा खुलताबादकडच्या डोंगरातल्या शर्यतीला आम्ही दोघी गेलो, तेव्हा तो दुकान बंद ठेवून आला आणि शेवटच्या चढावर उभा राहून माझ्या नावानं ओरडला. एवढ्या लोकांत त्याला असं ओरडताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

उतार पळायला मला फार आवडायचं. चढात माणूस विचार करतो. उतारात वेळच मिळत नाही. पाय दगड शोधतात आणि आपण त्यांच्यामागं जातो. तसं सुख मला दुसऱ्या कशात मिळालं नाही, हे लिहायला आता लाज वाटत नाही.

बुटांच्या नाड्या

पाऊस सलग दुसऱ्या वर्षी दगा देऊन गेला होता. दिवाळीतच नाला कोरडा पडला. त्याच दिवसांत माझ्या बुटांच्या नाड्या पुरेनात. पाय सुजलेले असायचे. मला वाटलं, पळण्यानं. शमीम म्हणाली, एक नंबर मोठे घे. मी मोठे घेतले.

मग खिंडीच्या चढाला दम लागू लागला. शमीम वर जाऊन माझी वाट बघत उभी राहायची. आधी मी तिची बघायची. तोंडाला सतत काहीतरी गंजल्यासारखी चव. सकाळी उलटी. अंगाला खाज. भगवान म्हणाला, "टँकरचं पाणी बाधलं असंल. सगळ्या गल्लीला खाज हाय." आणि खरंच होती.

शेवटी इथल्या डॉक्टरांनी रक्त तपासायला घेतलं. दुपारी त्यांचा स्वतःचा फोन आला. "उद्या सकाळी शहरात जा. उद्या म्हणजे उद्याच."

नारळ

शहर म्हणजे संभाजीनगर. आमच्या तोंडात अजून औरंगाबादच येतं. तिथल्या दवाखान्यात सोनोग्राफी झाली आणि डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवलं. तरुण होते, शांत बोलत होते.

"दोन्ही किडन्या आकसल्यात. काम जवळजवळ बंद आहे."

"किती दिवसांत बऱ्या होतील?" भगवाननं विचारलं.

"त्या बऱ्या होत नाहीत."

"मग बदलाव्या लागतील?" दिवसभर जळालेल्या मोटारी उघडणारा माणूस. त्याला त्या घडीला दुसरं काय सुचणार होतं?

"कुणी दिली तर बदलता येते. तोपर्यंत डायलिसिस. आजच सुरू करावं लागेल."

मी एकच विचारलं. "मी पळत होते म्हणून झालं का हे?"

"नाही," ते म्हणाले. "पळत होता म्हणून उशिरा कळलं असेल. दुसऱ्या कुणी केव्हाच अंथरूण धरलं असतं."

त्या उत्तराचं काय करावं हे मला अजून कळलेलं नाही.

संध्याकाळी मानेत नळी घातली. भगवान खाली गेला आणि येताना शहाळं घेऊन आला. आमच्याकडं आजारी माणसाला शहाळंच नेतात. सिस्टरनं ते त्याच्या हातातून काढून घेतलं. "दादा, नारळपाणी? यांना? आता हे विष आहे त्यांना." मग तिनं बाकीचीही नावं सांगितली. केळी, टोमॅटो, पालक, संत्री, डाळीचं पाणी. तो मान हलवत होता. सिस्टर गेली तरी तो तसाच उभा होता, हात पुढं धरून, जणू शहाळं अजून हातातच आहे.

मंगळवार, शुक्रवार

नव्या माणसाला काय सांगू? पहिल्यांदा वजन करतात, कारण लघवी होत नाही आणि दोन वेळांच्या मध्ये जे पाणी अंगात साठतं ते तेवढंच काढायचं असतं. सुरुवातीला मानेतल्या नळीतूनच रक्त काढतात. काही दिवसांनी हातातली शीर धमनीला जोडून तिथं जोराचा प्रवाह तयार करतात, मग दर वेळी तिथंच दोन जाड सुया. त्यावर बोट ठेवलं की आत भुंगा अडकल्यासारखं थरथरतं. झोपताना तो हात अंगाखाली घ्यायचा नाही. त्या हातात पिशवी धरायची नाही. बांगडी नाही. मुलीला त्या हाताखाली घेऊन झोपायचं नाही.

यंत्र चालू असताना शेवटच्या तासात पोटरीत गोळा येतो. पळणाऱ्याला गोळा नवा नसतो, पण डोंगरात पाय ताणून उभं राहता येतं. इथं हलता येत नाही. पोरगा टेक्निशियन येऊन तळपाय दाबून धरतो. मी त्याला कधी "थँक्यू" म्हणाले नाही, तोंडातून शब्दच निघत नाही तेव्हा.

आमच्या वेळेला शेजारच्या खाटेवर बजाजनगरची पूजा असायची. लग्नाला दोनच वर्षं झालेली. दुसऱ्या बाजूला गंगापूरचे निवृत्त एसटी ड्रायव्हर, त्यांना आम्ही काका म्हणायचो. ते यंत्र सुरू होताच झोपायचे आणि घोरायचे. उठले की विचारायचे, "कुठपर्यंत आलो गं?" जसं काही आम्ही सगळे त्यांच्या गाडीत बसलोय. त्या खोलीत हसू यायचं ते तेवढंच.

पूजाला सासूची किडनी मिळाली. सासूची! नवऱ्यानं पेढे आणले, सगळ्या खाटांवर वाटले. काकांनी खरोखर डोळे पुसले. मी पेढा हातात धरून बसले आणि मला तिचा असा राग आला की यंत्रानं प्रेशर वाढल्याची शिटी मारली. टेक्निशियन म्हणाला, "मॅडम, हात हलवू नका." मी हात हलवलाच नव्हता.

परतीच्या एसटीत मी खिडकीशी बसते. पडेगाव, शरणापूर, दौलताबादचा घाट, वेरूळ. दर महिन्याला कुठलीतरी टेकडी अर्धी झालेली असते, मुरमासाठी खणलेली. रुंदीकरणात रस्त्याकडेचे वड गेले. जिथं काही नव्हतं तिथं पाट्या: निसर्गाच्या सान्निध्यात प्लॉट. शहर आमच्याकडं येतंय, मी दर आठवड्याला दोनदा शहराकडं जातेय. शाळेनं मला "बरं वाटेपर्यंत आराम करा" सांगितलं. त्याचा अर्थ त्यांनाही माहीत होता, मलाही.

तहान

या आजारात दुखण्यापेक्षा तहान मोठी. दिवसाला फक्त एक लिटर पाणी चालतं, त्यात चहा आला, भाजीचा रस्सा आला, गोळ्यांबरोबरचा घोट आला. आणि हे त्या उन्हाळ्यात, जेव्हा नळाला दहा-बारा दिवसांनी पाणी यायचं आणि टँकर आला की गल्लीत हंड्यांची भांडणं व्हायची. मी तहानेचं बोलले की बायका म्हणायच्या, "कुणाला पुरतंय ताई पानी? सगळ्यांचीच तीच गत." त्या खोटं बोलत नव्हत्या. त्यामुळं मी बोलायचं सोडलं.

प्राजक्ता तेव्हा नववीत. सकाळी ती माझी बाटली भरून ठेवायची आणि संध्याकाळी ती उजेडाकडं धरून बघायची. शमीम दुपारी गारेगारवाल्याकडून बर्फाचा तुकडा आणायची, रुमालात गुंडाळून, गल्लीतून पळत, वितळायच्या आत. "चूस, निगल मत," म्हणायची आणि समोर बसून राहायची. तो बर्फ लिंबाएवढा असायचा. त्याच्यासाठी मी सकाळपासून जगायची.

एका गुरुवारी दुपारी नळ आला. घरात मी एकटी. मोरीतलं पिंप भरलं, हंडे भरले, तरी पाणी येतच होतं, जोरात, थंड. मी तांब्या खाली धरला. एक प्यायले. मग दुसरा. मग तांब्या ठेवून दिला आणि ओंजळीनंच प्यायले, नळाला तोंड लावून, गळा, छाती भिजवत. किती, ते माहीत नाही. असं वाटलं की मी खिंड चढून आलेय.

दिवे लागायच्या वेळेला मला आडवं होता येईना. बसलं तरी श्वास पुरेना. छातीत घरघर, तोंडाशी फेस. भगवाननं शेजाऱ्याची जीप काढायला लावली. शमीम मला मागून मिठी मारून बसली, पाठ ताठ राहावी म्हणून. अख्ख्या रस्त्यात ती एकच बोलत होती, "सांस ले. और एक. और एक." चढावर ती मला असंच म्हणायची. पण तेव्हा हवा होती.

वाचले. दुसऱ्या दिवशी प्राजक्ता खाटेशी आली. रडली नाही. तिनं विचारलं, "मम्मी, तुला मरायचं होतं का?"

"नाही बाळा. तहान लागली होती."

तिनं माझ्याकडं बघितलं. तिला ते पटलं नाही. त्यानंतर घरातल्या नळाची चावी ती बंद करून शाळेत जायची. नववीतल्या पोरीनं आईची राखण करायची, ही वेळ कुणाच्याच घरावर येऊ नये.

रेखाचं म्हणणं

किडनी कोण देणार हा प्रश्न घरात बसून राहतो, पाहुण्यासारखा. आईला शुगर. भगवानचा रक्तगट जुळला नाही. त्या दिवशी तो दुकानात जाऊन संध्याकाळपर्यंत एक मोटार उघडून तशीच बघत बसला होता. शमीम म्हणाली, "मेरी ले लो. दो-दो का मैं क्या करूं?" मी तिला गप्प केलं. रक्ताच्या नात्याबाहेरचं असलं की सरकारी समितीपुढं जावं लागतं, शिवाय तिच्या घरात काय झालं असतं ते आम्हा दोघींना कळत होतं. मेंदू मृत झालेल्या माणसाची किडनी मिळते, त्यासाठीच्या दवाखान्याच्या यादीत नाव घातलं. यादी लांब असते.

राहिला माझा धाकटा भाऊ एकनाथ. गट जुळला. तो लगेच हो म्हणाला. दोन दिवसांनी त्याची बायको रेखा एकटीच आमच्याकडं आली. चहाला हात लावला नाही.

"ताई, तुमच्या पाया पडते. मला दोन लेकरं हायेत. ह्यांच्या अंगमेहनतीवर घर चालतं. उद्या ह्यांना काय झालं तर मी कुणाच्या तोंडाकडं बघू?"

भगवान आतून बाहेर आला. "म्हंजी हिनं मरायचं का?"

"मी असं म्हनले का, दाजी?" ती रडू लागली. "मी लई वाईट हाय, मला ठावं हाय. पन मी नाय देणार ह्यांना."

मी म्हणाले, "बरोबर आहे तुझं." तिच्या जागी मी असते तर हेच बोलले असते, आणि पाया न पडता बोलले असते. पण समजणं वेगळं आणि पोटातला सल जाणं वेगळं. दीड वर्ष आम्ही एकमेकांकडं गेलो नाही. दिवाळीला एकनाथची ओवाळणी राहिली.

शमीमचं पळणं माझ्याबरोबरच थांबलं. मी म्हणायचे, दुसरी कुणी बघ. ती म्हणायची, "किसके साथ? तूच सांग, या गावात कोण येतंय?" कुणी नव्हतंच. एकटी बाई डोंगरात जात नाही. तिचं वजन परत वाढलं, गुडघे धरले. माझ्या आजारानं एकीला नाही, दोघींना घरी बसवलं.

पुन्हा दवाखाना

गेल्या हिवाळ्यात एकनाथ आणि रेखा दोघं आले. रेखाच बोलली. "ताई, तपासण्या करू. हे जेवत नाहीत धड. रोज तुमचं नाव घेत्यात. मला आता ते बघवंना."

भगवाननं तिला पाणी दिलं.

तपासण्या झाल्या. मी, खरं सांगते, त्या आठवड्यात बुटांचा विचार केला. कुठले घ्यायचे याचा. इतक्या पुढं गेले होते मी.

डॉक्टरांनी सगळ्यांना एकत्र बोलावलं. ते नेहमीसारखेच शांत बोलले. एकनाथच्या लघवीतून प्रथिनं जातायत, रक्तात क्रिएटिनिनही थोडं वाढलेलं दिसतंय. तो किडनी देऊ शकत नाही. त्यालाच सुरुवात झालेली आहे. घरात आणखी कुणाला होतं का, वडील, काका?

आई दारापाशी बसली होती. ती म्हणाली, "ह्यांच्या बापाच्या अंगावर सूज चढली हुती, त्यातच गेले. सगळे म्हनले, कावीळ उतरली."

रेखा तिथंच फरशीवर बसली. भगवान उठला आणि एकनाथच्या खांद्यावर हात ठेवून उभा राहिला.

मग माझ्या डोक्यात एकच आलं आणि बाकीचं सगळं पुसून गेलं. दुसऱ्या दिवशी प्राजक्ताची तपासणी केली. सध्या काही नाही. "सध्या" हा डॉक्टरांचा शब्द. दरवर्षी करत राहायची. रेखाच्या लेकरांचीही. प्राजक्तानं विचारलं, "मला पण होणार?" मी म्हणाले, नाही. भगवान म्हणाला, नाही. खोटं न बोलणारं माणूस शोधत होते मी, आणि पोरीशी पहिलं खोटं मीच बोलले.

यादीतलं माझं नाव आहे तिथंच आहे. हाताची शीर एकदा बंद पडली, दुसऱ्या हाताची जोडली आहे. काका आता येत नाहीत. त्यांच्या खाटेवर एक कॉलेजचा मुलगा असतो. तो कुणाशी बोलत नाही, आणि मी त्याला बोलायला लावत नाही.

एकनाथबरोबर

परवाच्या रविवारी एकनाथ मोटारसायकलवर आला. त्याला अजून काही त्रास नाही. गोळ्या चालू आहेत, मीठ कमी केलंय. मी म्हणाले, मला डोंगराकडं ने. भगवान नको म्हणत होता, तरी गेलो.

अद्रकाच्या शेतापर्यंत रस्ता ओळखीचा होता. त्यापुढं प्लॉटसाठी सपाटी केलेली, चुना फासलेले दगड ओळीनं लावलेले, लोखंडी फाटक. पायवाट फाटकाच्या आत गेली होती. पलीकडं खिंड दिसत होती, झाडी उघडी, वाळलेली. यंदाही पाऊस झाला नव्हता. आम्ही बांधावर बसलो. गाडीपासून बांधापर्यंतच्या चार पावलांनीही मला धाप लागली होती.

बराच वेळ तो ढेकळं फोडत राहिला. मग खाली बघतच म्हणाला, "तायडे, लई तरास होतो का गं?"

माझ्याकडं उत्तर तयार होतं. सगळ्यांना देते तेच. पण हा विचारत होता ते स्वतःसाठी.

"होतो," मी म्हणाले. "सुयांची सवय होते. तहानेची होत नाही."

त्यानं मान हलवली. ऊन चढलं होतं, त्याच्या कपाळावर घाम होता. मोटारसायकलच्या पिशवीतून त्यानं पाण्याची बाटली काढली, झाकण फिरवलं, आणि मी शेजारी आहे हे लक्षात येऊन तसाच थांबला. झाकण परत लावू लागला.

"पी," मी म्हणाले.

"असू दे, तायडे. घरी जाऊन पितो."

"तुला अजून चालतंय ना? पी मग. माझ्यासमोर पी. पोटभर पी."

त्यानं बाटली तोंडाला लावली. घटाघटा, लहानपणी प्यायचा तशी सगळी संपवली. मी त्याच्या गळ्याकडं बघत राहिले.